व्यवसायाचा रकाना

माझ्या वडिलांचे सतरा केसपेपर माझ्याजवळ आहेत. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घडी घालून ठेवलेले आहेत. काहींवर तेलाचे डाग आहेत, काहींची शाई पुसट झाली आहे. पहिला १९९९ सालचा आणि शेवटचा २०१६ सालचा. मी इतिहास शिकवतो. आमच्या विषयातले लोक घराण्यांची दफ्तरे शोधत फिरतात. माझ्या घराण्याचे दफ्तर म्हणजे ही पिशवी. तिच्याआधीचा एकच लेखी कागद घरात आहे, सावकाराच्या कर्जाचा, आणि त्यावर आजोबांच्या अंगठ्याचा ठसा आहे.

प्रत्येक केसपेपरवर नाव, वय, पत्ता, व्यवसाय असे रकाने छापलेले आहेत. सतरापैकी सोळा कागदांवर व्यवसायाचा रकाना कोरा आहे. निदानाच्या जागी खरूज, नायटा, इसब, पुन्हा खरूज अशी नोंद आहे. वडिलांच्या हातांना भेगा पडत, बोटांच्या बेचक्यांतून लस येई, मनगटापर्यंत कातडी जाड होऊन हत्तीच्या पायासारखी दिसे. औषध एकच मिळे, खरजेचे पांढरे औषध. घरातल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत लावा, कपडे उकळा, अंथरुणे उन्हात टाका. आम्ही सगळे करत असू. मी तेव्हा पाचवीत होतो. शाळेत कोणीतरी सांगितले की ह्याच्या घरात खरूज आहे, आणि गुरुजींनी मला दाराजवळ वेगळे बसवले. माझ्या अंगावर एक पुळी नव्हती. वडिलांना तर खरूज कधी झालीच नव्हती, हे कळायला पुढे सतरा वर्षे लागली. वडील गवंडीकाम करत. त्यांचे हात सिमेंटने खाल्ले होते.

हा लेख माझ्या वडिलांविषयी नाही. त्या कोऱ्या रकान्याविषयी आहे.

१७०० साली इटलीतील मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाचे मूळ कशात आहे हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्याच्या घरचा शौचकूप उपसायला माणसे आली होती. त्यांतला एक जण जिवाच्या आकांताने घाईघाईने काम करत होता. वैद्याला त्याची दया आली आणि त्याने विचारले, एवढी घाई का? त्या माणसाने सांगितले की या जागेत जास्त वेळ थांबले तर डोळे जातात. रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले. ते लालभडक व अधू झालेले होते. तेथून त्याने एकेक धंदा पाहायला सुरुवात केली. चामडे कमावणारे, चुनेवाले, खाणकामगार, धुणे धुणाऱ्या बायका. धुणे धुणाऱ्यांच्या हातांना क्षाराच्या पाण्याने भेगा पडतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. रोग्याला काय काय विचारावे याची जी यादी हिपोक्रेटिसच्या परंपरेतून चालत आली होती, तिच्यात त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू धंदा काय करतोस?

म्हणजे कामगारांच्या रोगांचे शास्त्र आपल्या भाषेत सांगायचे तर एका भंगीकाम करणाऱ्याच्या तोंडून सुरू झाले. त्याचे नाव ग्रंथात नाही. तरी त्याला विचारले गेले, आणि त्याने दिलेले उत्तर छापले गेले, एवढे तरी झाले.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. येथे माणसाचा धंदा त्याच्या नावाआधी ठाऊक असे. मांग म्हटले की दोर, ढोर म्हटले की कातडे, महार म्हटले की मेलेले जनावर. धंदा एवढा उघड असताना त्या धंद्याने कातडीचे काय होते हे मात्र कोणी पाहिले नाही. कारण धंदा आणि जात एकच मानल्यावर धंद्याचा रोग हाही जातीचाच गुण ठरतो. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीने श्रमिकांचेच कसे तुकडे पाडले हे दाखवून दिले. त्या तुकड्यांबरोबर रोगांचेही वाटप झाले होते, आणि ज्याच्या वाट्याला जो रोग आला तो त्याचा जन्मजात मानला गेला, एवढेच मला त्यात घालायचे आहे.

आजोबांचे उदाहरण घेतो. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात बांधाबांधाला केकताड होते. आजोबा त्याची पाने तोडून आणत, ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली कुजत घालत. आठ-पंधरा दिवसांनी पाने काढून बडवायची, वाख वेगळा करायचा, धुऊन वाळवायचा आणि मग त्याचे कासरे, दावी, नाडे वळायचे. बेंदराला नवे दोर गावाला पुरवायचे आणि सुगीला बलुते मागायचे. ताजे केकताड तोडताना जो रस उडतो तो अंगावर पडला की आग होते. हातावर, पोटावर, मांडीवर लाल पुरळ उठते, कंड सुटते, फोड येतात. आजी करंजाचे तेल लावी. गावात मात्र म्हणत, मांगाचं अंग तसंच असतं. पाण्याला जाताना आमच्या बायकांना लांब उभे करायला हे एक जास्तीचे कारण होते.

मेक्सिकोत टेकिला नावाची दारू याच जातीच्या झाडापासून काढतात. तिथल्या शेतांत पाने छाटणाऱ्या मजुरांच्या अंगावर नेमके असेच पुरळ उठते, आणि ते डॉक्टरांनी तपासलेले आहे. या झाडाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते कातडीत घुसतात. तेथे मांग नाहीत. तरी पुरळ तेच.

कातड्याच्या धंद्याची हकीकत याहून लांबलचक आहे. आपल्याकडचे ढोर कातडे चुन्याच्या कुंडीत बुडवून केस सोडवत, मग बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे मुरवत. चुन्याने हात खाल्ले जात, नखे झिजत, बोटांची टोके फुटत. पण साल आणि हिरडा ही द्रव्ये त्या मानाने सौम्य. खरे विष युरोपातून आले, आणि ते आधी रंगाच्या धंद्यात आले. १८२७ साली ग्लासगोच्या विल्यम क्युमिन या डॉक्टरने बायक्रोमेट वापरणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरची क्षते वर्णन केली. क्रोमचे क्षत वेगळेच असते. पेन्सिलीने भोक पाडावे तसे गोल, कडा उचललेल्या, कित्येकदा दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जाते. वाफ नाकात गेली तर नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडते.

त्याच ग्लासगोजवळ रदरग्लेन येथे क्रोमचा मोठा कारखाना होता. त्याचा मालक लॉर्ड ओव्हरटाउन मोठा धर्मनिष्ठ, चर्चला आणि मिशनला सढळ हाताने देणगी देणारा, रविवारचा विश्राम पाळलाच पाहिजे असा आग्रह धरणारा. त्याच्या कारखान्यातली माणसे मात्र रविवारीही राबत आणि त्यांच्या नाकांना भोके पडत. १८९९ साली मजूर पुढारी किअर हार्डी याने पत्रके काढून हे सगळे चव्हाट्यावर आणले. घाट आणि धर्मशाळा बांधणारे आपल्याकडचे शेठजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा लॉर्ड अनोळखी वाटणार नाही.

पुढे क्रोमने कातडे कमावण्याची रीत निघाली. सालीला जिथे आठवडे लागत तिथे आता दिवस पुरू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन याच्या प्रयोगांतून ती मद्रास इलाख्यात आली आणि देशभर पसरली. कुंडीत उतरणारी माणसे तीच राहिली, कुंडीतले पाणी बदलले.

कायदा काय करत होता? १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात धंद्याने होणारे म्हणून आरंभी जे रोग धरले ते शिसे आणि फॉस्फरस यांची विषबाधा, आणि अँथ्रॅक्स म्हणजे आपली काळपुळी. जनावराच्या कातड्यातून, केसांतून, लोकरीतून काळपुळीचे जंतू माणसाच्या कातडीत शिरतात, मध्यभागी काळी पडलेली पुळी उठते आणि वेळेवर इलाज झाला नाही तर माणूस दगावतो. कातड्याच्या कारखान्यातल्या नोकराला काळपुळी झाली तर मालकाने भरपाई द्यावी. ठीक. पण रोगाने मेलेले जनावर गोठ्यातून ओढून नेणारा, उघड्या हातांनी सोलणारा महार कोणाचा नोकर? तो सगळ्या गावाचा, म्हणून कोणाचाच नाही. त्याला पगार नव्हता, बलुते होते. कायद्याने रोग ओळखला होता. तो रोग ज्याला व्हायचा तो माणूस मात्र कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका असे सांगितले. आपण याकडे स्वाभिमानाचा कार्यक्रम म्हणून पाहतो, आणि ते खरेच आहे. बाबासाहेबांच्या मनात काळपुळी होती असे मी म्हणत नाही; तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण त्या दिवशी ज्यांनी ऐकले आणि पाळले, त्यांच्या हातांचे काय झाले असेल याचाही इतिहास कोणी तरी लिहायला हवा. आपल्या चळवळीच्या इतिहासात सभा आहेत, ठराव आहेत, मोर्चे आहेत. हात नाहीत.

मुंबईच्या गिरण्यांतले विणखाते अस्पृश्यांना बंद होते हे सर्वांना माहीत आहे. धाग्याला थुंकी लागते, ती विटाळेल, म्हणून. चांगली मजुरी तिथेच होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला आणि संपाच्या पुढाऱ्यांची अडचण झाली. आमच्या कातडीचा स्पर्श दुसऱ्यांना काय करील याचा एवढा बारीक विचार ज्या समाजाने केला, त्याला आमच्या कातडीला कशाकशाचा स्पर्श होतो हा प्रश्न सुचला नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, रेगे समिती नेमली गेली. तिने उद्योगवार मजुरांची पाहणी केली. तिच्या अहवालांत कातडे कमावण्याच्या धंद्याचा स्वतंत्र अहवाल आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने रोगांची यादी जोडली. ज्याच्याकडे असा रोगी येईल त्या डॉक्टरने तो सरकारला कळवावा, असे कलम ८९ सांगत होते. या यादीत क्रोमची क्षते होती, काळपुळी होती, खनिज तेलाने उठणारे पुरळ होते, डांबर-तेलाने होणारा कातडीचा कर्करोग होता, आणि पुढे रसायने व रंग यांच्या प्रत्यक्ष संपर्काने होणारा त्वचादाहही आला. यादी वाचली की समाधान वाटते. पण आधी कारखाना कशाला म्हणायचे ते वाचावे लागते. वीज असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस. त्याखालचे सगळे बाहेर. पाच माणसांचे क्रोम चढवण्याचे दुकान बाहेर, धारावीतली माळ्यावरची कातड्याची खोली बाहेर, शेत बाहेर. २०२० च्या संहितेनेही रोगांची यादी ठेवली, पण कारखान्याची अट वाढवून वीस आणि चाळीस केली. ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. चाळणीची भोके मोठी केली म्हणजे खाली काय पडणार हे स्वयंपाकघरातल्या कोणालाही विचारावे.

कायदा झाला म्हणून लगेच कातडी वाचते असेही नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉटने दाखवून दिले की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाचा जो कर्करोग होतो, त्याचे मूळ काजळीत आहे. ही माणसे चार-पाच वर्षांची पोरे असल्यापासून धुराड्यांत चढवली जात; बहुतेक अनाथ किंवा गरिबांनी विकलेली. १७८८ ला कायदा झाला. मुले प्रत्यक्षात धुराड्यातून खाली उतरायला १८७५ उजाडले. कारण सापडल्यापासून शंभर वर्षे. तीही गोरी मुले.

माझी आई शेतात खुरपे आणि पुण्याला आल्यावर ठेकेदारांसाठी रिकामे प्लॉट साफ करी. प्लॉटवर गाजर गवत असे. हे गवत पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नजरेस आले; अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानतात, आणि लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात ते पांढऱ्या फुलांच्या टोपीमुळे की आणखी कशामुळे, हा वाद मी येथे काढत नाही. त्याची सुकलेली पाने आणि केस हवेतून उडतात. डोळ्यांच्या पापण्या, मानेच्या घड्या, कोपराच्या आतली बाजू, म्हणजे घाम साचतो तिथे कातडी सुजते, काळी पडते, जाड होते. पुण्याच्या डॉ. लोणकरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली यावर शास्त्रीय लेख लिहिला. एवढे जुने ज्ञान. आईला एकाही मुकादमाने हातमोजे दिले नाहीत, आणि गवत फुलावर यायच्या आत काढावे असेही कोणी सांगितले नाही. तिचे डोळे दर पावसाळ्याअखेर सुजत. तिने साफ केलेल्या प्लॉटवर मग वडील सिमेंट कालवायला जात.

आता सिमेंट. ओले सिमेंट तीव्र क्षारयुक्त असते, ते कातडी भाजते. हे प्रत्येक बिगाऱ्याला ठाऊक आहे. पण काही माणसांचे हात काम थांबवल्यावरही बरे होत नाहीत. १९५० साली स्वित्झर्लंडमधील येगर आणि पेलोनी यांनी याचे कारण दाखवले. सिमेंटात अंशमात्र क्रोमेट असते. तेच ते, ग्लासगोच्या रंगाऱ्यांचे. ते कातडीतून आत जाते, शरीर त्याला एकदा वैरी मानू लागले की मग जन्मभर विसरत नाही. यावर उपायही सापडला. सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळले की क्रोमेटचे घातक रूप बदलते. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या आरंभीच हे केले. २००५ पासून युरोपात दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा जास्त क्रोमेट असलेले सिमेंट विकायला बंदी आहे. फेरस सल्फेट म्हणजे हिराकस. आपल्याकडे हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून कातडे काळे करत आणि शाईही करत. ज्या शाईने आमच्याविषयी एवढे सगळे लिहिले गेले त्या शाईतले हे स्वस्त द्रव्य.

२०१६ मध्ये मी नोकरीत लागलो होतो. वडिलांना मी पुण्यातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात नेले. शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने हात उलटेसुलटे पाहिले आणि विचारले, "बाबा, काम काय करता?" वडील गप्प. तिने पुन्हा विचारले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहून म्हणाले, "मांग आहे मी." तिला काही कळेना. मला कळले, आणि मी शरमेने की रागाने ते आजही सांगता येणार नाही, पण बोललो नाही. अखेर वडीलच म्हणाले, "म्हणजे गवंडीकाम करतो ताई. सिमेंटचं."

त्यांच्या पाठीवर औषधांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या तेव्हा पोटॅशियम डायक्रोमेटच्या जागी लाल, फोड आलेला डाग होता. ही तपासणी युरोपात १८९५ पासून होते आहे. डॉक्टर मुलीने सांगितले, सिमेंट सोडा. वडील हसले. तिने आणखी सांगितले की क्रोमने कमावलेल्या चामड्याचे बूटचपलाही घालू नका, त्यानेही पाय फुटतील. मग काय घालायचे? सालीत कमावलेले चामडे चालेल, अस्सल कोल्हापुरी चालेल. ढोरांच्या कुंडीतले ते पाणी शेवटी औषधाच्या चिठ्ठीवर आले.

वडिलांनी काम आणखी तीन वर्षे केले. रेशनच्या दुकानात २०१८ ला अंगठ्याचे मशीन आले आणि त्यांचा अंगठा उठेना. रेषा उरल्याच नव्हत्या. या देशात ठशाचा पहिला प्रसिद्ध कागद १८५८ चा आहे; बंगालमध्ये हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या ठेक्यासाठी राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा छाप घेतला होता. खडी फोडणाऱ्यांचा छाप कोणी घेतला नव्हता. आमच्या दुकानदाराने सांगितले, बाबा, पंधरा दिवस कामाला जाऊ नका, म्हणजे रेषा येतील. आता रेशन आईच्या अंगठ्यावर मिळते.

सतराव्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिले आहे: गवंडीकाम. तो कागद घेऊन मी कामगार कार्यालयात गेलो होतो. तेथल्या कारकुनाने विचारले, मालक कोण? वडिलांनी पंचवीस वर्षांत कोणाकोणाकडे काम केले ते मी त्यांच्याजवळ बसून लिहून काढतो आहे. आतापर्यंत एकोणीस ठेकेदार झाले. सहा जणांची नुसती आडनावे आठवतात, आणि दोघांचे नाव वडिलांना कधी माहीतच नव्हते. त्यांतल्या एकाची मोटारसायकल लाल होती.